ठोकळे मोजता येतात, समज कशी मोजावी?

परीक्षा म्हटली की आपल्यासमोर एक ठरलेले चित्र उभे राहते. तीन तासांचा वेळ, छापील प्रश्नपत्रिका, दोऱ्याने बांधलेल्या पुरवण्या आणि काही आठवड्यांनी हाती येणारी गुणपत्रिका. विद्यार्थ्याला काय येते, हे त्या तीन तासांत त्याने कागदावर जे उतरवले त्यावरून ठरते. वर्षभर तो किती वेळा चुकला, कोणाचे पाहून शिकला, कोणाला शिकवले, याची नोंद कोठेही राहत नाही. इंटरनेटवर शिकणाऱ्यांचे जे समुदाय गेल्या दोन दशकांत उभे राहिले, तेथे नेमके याच्या उलट आहे. परीक्षा नाही, पण नोंद मात्र जवळजवळ प्रत्येक गोष्टीची. सभासदाने काय बनवले, कोणत्या दिवशी बनवले, कोणाच्या कामावरून बनवले, त्यावर कोण काय बोलले, हे सारे संगणकात साठत जाते. साहजिकच शिक्षणशास्त्राच्या अभ्यासकांना प्रश्न पडला, की या नोंदींवरूनच शिकणाऱ्याचे कौशल्य ओळखता आले, तर वेगळी परीक्षा हवीच कशाला?

या प्रश्नाचा ज्या समुदायांच्या बाबतीत बारकाईने अभ्यास झाला, त्यांत ‘स्क्रॅच’ या मुलांच्या समुदायाचे स्थान वरचे आहे. आपल्याकडील अनेक शहरी शाळांतील मुलांना हे नाव परिचित असते. त्यांच्या पालकांना मात्र ‘मुलगा संगणकावर कसली तरी मांजर पळवतो’ एवढेच ठाऊक असते. त्या मांजरीच्या पळण्यातून मुलाची बुद्धी मोजण्याचे जे प्रयत्न झाले, त्यांचा हा आढावा.

मांजर, ठोकळे आणि दप्तर

स्क्रॅचची वंशावळ १९६७ पर्यंत मागे जाते. गणितज्ञ आणि शिक्षणतज्ज्ञ सेमूर पॅपर्ट यांनी वॉली फॉयरझाइग आणि सिंथिया सॉलोमन यांच्यासह त्या वर्षी मुलांसाठी ‘लोगो’ ही संगणकभाषा तयार केली. पडद्यावरील कासवाला आज्ञा देऊन मुले भूमितीच्या आकृत्या काढीत. मूल एखादी वस्तू स्वतः घडवताना, आणि ती इतरांना दाखवता येण्याजोगी असताना, सर्वांत चांगले शिकते, हा पॅपर्ट यांचा आग्रह होता. त्यांचे शिष्य मिचेल रेस्निक यांच्या अमेरिकेतील एमआयटी मीडिया लॅबमधील गटाने हाच विचार पुढे नेऊन २००७ मध्ये स्क्रॅच लोकांपुढे आणले.

यात मुलांना आज्ञा टंकित कराव्या लागत नाहीत. ‘दहा पावले चाला’, ‘पुन्हा पुन्हा करा’, ‘जर कडेला लागलास तर मागे फिर’ अशा आज्ञांचे रंगीत ठोकळे असतात. ते एकाखाली एक जोडले की पडद्यावरील पात्र त्याप्रमाणे वागते. चुकीचा ठोकळा चुकीच्या जागी बसतच नाही, त्यामुळे स्वल्पविराम राहिला म्हणून अख्खा कार्यक्रम अडून बसण्याचा वैताग नाही. नाव मात्र संगीतातून आले आहे. डीजे मंडळी तबकडी हाताने मागेपुढे घासून जुन्या गाण्यातून नवा आवाज काढतात, त्या घासण्याला स्क्रॅच म्हणतात. दुसऱ्याची वस्तू घेऊन तिच्यातून आपली घडवायची, हे तत्त्व नावातच आहे.

पहिल्या दिवसापासून या साधनाच्या जोडीला एक संकेतस्थळही होते. मुलाने बनवलेला खेळ किंवा चित्रकथा तेथे ठेवली की जगभरातील इतर मुले ती पाहू शकतात, तिच्यावर अभिप्राय लिहू शकतात, आणि मुख्य म्हणजे तिचे ठोकळे उघडून, त्यांत फेरबदल करून आपली नवी आवृत्ती प्रसिद्ध करू शकतात. या शेवटच्या क्रियेला तेथे ‘रीमिक्स’ म्हणतात. आज या समुदायात नोंदणी केलेल्यांची संख्या १० कोटींच्या पुढे गेली आहे. प्रत्येकाचे सार्वजनिक काम तारखेनिशी उपलब्ध आहे. कोणत्याही शाळेच्या दप्तरात नसेल इतकी तपशीलवार माहिती येथे आपोआप जमा झाली.

मोजायचे तरी काय?

माहिती मुबलक असली तरी तिच्यातून काय शोधायचे, हे आधी ठरवावे लागते. संगणकाच्या पद्धतीने विचार करण्याची क्षमता, ज्याला मराठीत संगणकीय विचार म्हणता येईल, हा शब्दप्रयोग पॅपर्ट यांनी १९८० मध्ये केला होता. २००६ मध्ये जेनेट विंग यांच्या लेखामुळे तो सर्वतोमुखी झाला. पण त्याची फोड करून दाखवण्याचे काम स्क्रॅचच्या संदर्भात कॅरेन ब्रेनन आणि मिचेल रेस्निक यांनी २०१२ मध्ये केले.

त्यांनी तीन थर सांगितले. पहिला संकल्पनांचा. क्रम, पुनरावृत्ती, एकाच वेळी अनेक गोष्टी घडवणे, घटना, अटी, गणिती व तार्किक क्रिया आणि माहिती साठवणे, अशा सात संकल्पना त्यात येतात. दुसरा थर कामाच्या सवयींचा, म्हणजे थोडे करून पाहणे व सुधारणे, चूक शोधणे, दुसऱ्याचे काम वापरून पुढे जाणे, मोठ्या कामाचे सुटे भाग पाडणे. तिसरा थर दृष्टिकोनाचा. संगणक हे केवळ पाहण्याचे साधन नसून आपले म्हणणे मांडण्याचे, इतरांशी जोडले जाण्याचे आणि भोवतालच्या जगाला प्रश्न विचारण्याचे साधन आहे, असे मुलाला वाटू लागणे.

या तीन थरांपैकी ठोकळ्यांत दिसतो तो मुख्यतः पहिला. दुसऱ्याची केवळ पुसट खूण उरते, आणि तिसरा तर ठोकळ्यांत उतरतच नाही. पुढे जे वाद झाले, त्यांचे मूळ येथे आहे. जे दिसते ते मोजणे सोपे असते, आणि जे मोजले जाते तेच महत्त्वाचे वाटू लागते.

२१ पैकी किती?

‘डॉक्टर स्क्रॅच’ हे स्पेनमधील साधन या सोप्या मोजणीचे ठळक उदाहरण म्हणता येईल. हेसुस मोरेनो-लेऑन, ग्रेगोरिओ रोब्लेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये त्याची माहिती प्रसिद्ध केली. मुलाचा प्रकल्प या साधनाला दिला की ते ठोकळे तपासते आणि सात बाबींत प्रत्येकी शून्य ते तीन असे एकूण २१ पैकी गुण देते. सातपर्यंत गुण मिळाले तर पातळी प्राथमिक, आठ ते चौदा असतील तर विकसनशील आणि त्यापुढे प्रावीण्याची.

गुण कसे पडतात, हे उदाहरणाने पाहणे बरे. समजा, सहावीतील एका मुलीने दिवाळीचे शुभेच्छापत्र बनवले. पाच पणत्या आहेत. हिरवा झेंडा दाबला की त्या एकेक क्षण थांबत एकामागून एक उजळतात आणि शेवटी आकाशकंदील मोठा होतो. येथे आज्ञांचा साधा क्रम आहे, त्याचा एक गुण. अनेक पात्रे व त्यांच्या स्वतंत्र आज्ञा, एक गुण. झेंडा दाबताच अनेक पात्रे एकदम कामाला लागतात, एक गुण. ‘थांबा’ हा ठोकळा वापरून मेळ साधला आहे, एक गुण. पाहणाऱ्याने फक्त झेंडा दाबायचा आहे, एक गुण. पात्राचा आकार वा रूप बदलले आहे, एक गुण. ‘जर-तर’ कोठेच नाही, त्यामुळे तर्काच्या बाबीत शून्य. बेरीज सहा. पातळी प्राथमिक.

तिच्याच वर्गातील एका मुलाने तयार नेमबाजीचा खेळ रीमिक्स केला. मूळ खेळात पात्राच्या प्रतिकृती निर्माण होतात, त्याला तीन गुण. गुणांची यादी साठवली जाते, तीन. ‘आणि’, ‘किंवा’ अशा तार्किक क्रिया आहेत, तीन. ‘अमुक होईपर्यंत करत राहा’ असा ठोकळा आहे, तीन. एका पात्राने दुसऱ्याला संदेश पाठवला आहे, दोन. एकाच कळीवर दोन गोष्टी घडतात, दोन. खेळणारा कळफलक वापरतो, दोन. बेरीज १८. मुलाने यात बदल केला तो एवढाच, की शत्रूच्या जागी आपल्या धाकट्या भावाचे छायाचित्र लावले.

दोन्ही मुले कल्पित असली तरी गुणांचा हिशेब कल्पित नाही. त्या साधनाच्या नियमांप्रमाणे तो असाच पडतो. शुभेच्छापत्रासाठी ‘जर-तर’ची गरजच नव्हती, ही गोष्ट साधनाला कळण्याचा मार्ग नाही. ते प्रकल्प चालवून पाहत नाही, केवळ ठोकळे वाचते. त्यामुळे खेळ नीट चालतो की अडखळतो, गोष्ट रंगतदार आहे की कंटाळवाणी, यातले काहीही त्याला कळत नाही.

न्यायाने हेही सांगितले पाहिजे की हे साधन मुळात गुणपत्रिका म्हणून बनलेच नव्हते. ते मुलाला पुढची पायरी सुचवते. एकच आज्ञामालिका दोनदा लिहिली असेल, पात्रांची नावे ‘स्प्राइट १’, ‘स्प्राइट २’ अशी आयतीच ठेवली असतील, किंवा कधीही न चालणारे ठोकळे कोपऱ्यात पडून असतील, तर ते दाखवून देते. स्पेनमधील आठ शाळांत १० ते १४ वयाच्या शंभरावर मुलांना सुमारे तासाभराच्या कार्यशाळेत हे साधन दिले, तेव्हा मुलांचे गुण वाढले, असे त्याच अभ्यासात नोंदवले आहे. वाढले हे खरे. आता तासाभरात मुलांची विचारशक्ती वाढली, की परीक्षकाला काय आवडते ते कळले, याचे उत्तर त्या गुणांत शोधून सापडणार नाही. गाईड वाचून उत्तरे लिहिलेल्या पिढ्यांना हा पेच नवा वाटू नये.

रीत विचारल्यावर

आपल्याकडे गणिताच्या जुन्या मास्तरांची एक पद्धत होती. उत्तर बरोबर आले तरी ते गुण देत नसत, रीत विचारीत. ब्रेनन आणि रेस्निक यांनी त्याच २०१२ च्या निबंधात जवळजवळ हेच केले. मुलांनी वापरलेल्या ठोकळ्यांची मोजदाद करून ते थांबले नाहीत. मुलांनी स्वतः निवडलेले दोन-दोन प्रकल्प समोर ठेवून त्यांनी मुलाखती घेतल्या. कल्पना कशी सुचली, अडले कोठे, तो तिढा कसा सुटला, हा ठोकळा येथे काय करतो, असे विचारले.

तेव्हा लक्षात आले की काही मुलांच्या प्रकल्पांत अवघड संकल्पना व्यवस्थित वापरलेल्या होत्या, पण त्या कशा काम करतात हे त्या मुलांना सांगता येत नव्हते. कोठून तरी उचललेला भाग चालत होता म्हणून ठेवला होता. एखाद्या संकल्पनेचा वापर म्हणजे तिची समज नव्हे, हे शिक्षकांना अनुभवाने ठाऊक असलेले सत्य येथे मुलांच्या प्रत्यक्ष कामातून पुढे आले.

मुलाखतीलाही मर्यादा होत्या. मूल आपल्या आठवणीतून बोलते, आणि आठवण दगा देते. म्हणून त्यांनी तिसरी पद्धत वापरली. दुसऱ्या कोणी तरी बनवलेला म्हणून एक तयार प्रकल्प मुलासमोर ठेवायचा आणि चार गोष्टी करायला सांगायच्या. हा काय करतो ते समजावून सांग. यात आणखी काय करता येईल ते सांग. यात एक चूक आहे, ती दुरुस्त कर. यात अमुक एक नवी गोष्ट घाल. अशा प्रकल्पांचे चढत्या अवघडपणाचे तीन संच होते आणि प्रत्येक संचात दोन प्रकल्प, म्हणजे मुलाला निवडीला वाव होता. येथे कौशल्य आठवणीतून नव्हे, तर डोळ्यांसमोर घडताना दिसते. अर्थात प्रकल्प परक्याचा असल्यामुळे मुलाला त्यात रस वाटेलच असे नाही, ही या पद्धतीची उणी बाजू.

एकच माहिती, दोन निष्कर्ष

आता या विषयातील सर्वांत विलक्षण प्रकरणाकडे वळू. समुदायात राहून मुलांचे कौशल्य वाढते की नाही, हे पाहण्यासाठी ख्रिस्तोफर स्कॅफिडी आणि ख्रिस्तोफर चेंबर्स यांनी काही सभासदांचा नमुना निवडला आणि त्यांचे प्रकल्प काळाच्या क्रमाने तपासले. २०१२ मध्ये त्यांनी जे मांडले ते अनेकांना चक्रावून टाकणारे होते. जसजसा काळ जातो तसतसे सभासदांच्या प्रकल्पांतील ठोकळे कमी होत जातात आणि वापरलेल्या संकल्पनांची विविधताही घटते, असे त्यांना आढळले. म्हणजे मुले शिकण्याऐवजी विसरत होती की काय?

चार वर्षांनी, २०१६ मध्ये, नेथन मटायस, सायमिंदू दासगुप्ता आणि बेंजामिन माको हिल यांनी हाच अभ्यास पुन्हा केला. या वेळी नमुना न घेता, ज्या संपूर्ण समूहातून तो निवडला होता त्या सगळ्यांचे प्रकल्प तपासले. जुन्या पद्धतीने नमुना घेतल्यास काय निष्कर्ष येऊ शकतात, हेही त्यांनी संगणकावर पुन्हा पुन्हा करून पाहिले, आणि विश्लेषणाची वेगळी रीतही वापरली. निष्कर्ष आधीच्या नेमका उलट निघाला. जेथे घट दिसली होती तेथे वाढ होती.

पहिल्या अभ्यासकांनी लबाडी केली, असा याचा अर्थ मुळीच नाही. आपले काम त्यांनी उघडपणे मांडले होते, म्हणूनच ते तपासता आले. पण अशा समुदायातील सरासरी किती फसवी असते, हे यातून दिसते. येथे प्रवेश परीक्षा नाही आणि हजेरीही नाही. कोणी एक प्रकल्प करून निघून जातो, कोणी पाच वर्षे राहतो. काही मुले एखाद्या महिन्यात दहा लहान प्रकल्प टाकतात, काही जण सहा महिने एकाच खेळावर खपतात. पहिल्या महिन्याची सरासरी आणि बाराव्या महिन्याची सरासरी यांची तुलना करताना आपण एकाच मुलांची तुलना करत नसतो. वर्गातील पहिले पाच विद्यार्थी अर्ध्या वर्षात शाळा सोडून गेले, तर उरलेल्यांची सरासरी घसरेल, पण म्हणून एकाही मुलाचे ज्ञान घटलेले नसेल.

शिवाय कमी ठोकळे म्हणजे कमी कौशल्य, हे गृहीतकही तपासण्यासारखे आहे. नवशिका दहा पात्रांसाठी दहादा तीच आज्ञामालिका लिहितो. जाणता ती एकदाच लिहून तिला नाव देतो आणि हवी तेथे वापरतो. त्याचा प्रकल्प लहान होतो, तो कौशल्य वाढल्यामुळे. सराईत गृहिणीच्या ओट्यावर पसारा कमी दिसतो, तसेच हे.

कॉपी की शिकवणी?

मराठीत ‘कॉपी’ हा शब्द परीक्षेच्या संदर्भात उच्चारला की भरारी पथकाची आठवण होते. त्यामुळे दुसऱ्याचे काम उचलून त्यात बदल करण्याला प्रोत्साहन देणारे संकेतस्थळ पाहून आपल्याकडील शिक्षक बुचकळ्यात पडले तर नवल नाही. पण आपल्याच गायन परंपरेत शिष्य वर्षानुवर्षे गुरूच्या मागोमाग गातो, तेव्हा त्याला कोणी कॉपी म्हणत नाही.

रीमिक्समधून मुले खरोखर शिकतात का, हे दासगुप्ता, हिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्येच दुसऱ्या एका अभ्यासात तपासले. जी मुले अधिक रीमिक्स करतात त्यांच्या आज्ञांचा संग्रह मोठा असतो, असे त्यांना आढळले. एकूण प्रकल्पांची संख्या आणि प्रसिद्ध केलेल्या आज्ञांचे प्रमाण हिशेबात घेतल्यावरही हा फरक टिकून राहिला. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, रीमिक्स करताना ज्या संकल्पना मुलाच्या नजरेखालून गेल्या, त्या त्याने पुढे स्वतःच्या प्रकल्पांत वापरण्याची शक्यता वाढलेली दिसली. नेमबाजीच्या खेळात भावाचे छायाचित्र लावणारा तो मुलगा म्हणजे फुकटे १८ गुण, असा निकाल देण्यापूर्वी हे ध्यानात घ्यायला हवे. त्याचे आजचे गुण उसने आहेत, पण सहा महिन्यांनी त्याने स्वतः रचलेल्या खेळात ती यादी, त्या प्रतिकृती दिसल्या, तर उसने फिटले असे म्हणता येईल. म्हणजे एका प्रकल्पाला गुण देण्यापेक्षा एकामागून एक आलेल्या प्रकल्पांचा माग काढणे अधिक बोलके ठरते. ही सोय तीन तासांच्या परीक्षेत नाही, समुदायाच्या दप्तरात आहे.

याला एक दुसरी बाजूही आहे. हिल आणि आंद्रेस मोनरॉय-एर्नांदेस यांनी २०१३ मध्ये दाखवले, की मध्यम गुंतागुंतीच्या आणि नामवंत सभासदांच्या प्रकल्पांवरून अधिक रीमिक्स होतात, पण त्या रीमिक्समध्ये नवेपणा कमी असतो. त्यामुळे ‘माझ्या कामावरून किती जणांनी काम केले’ हा आकडा कौशल्याचा पुरावा म्हणून वापरताना जपून राहावे लागते. त्यात प्रसिद्धीचा वाटा किती आणि गुणवत्तेचा किती, हे वेगळे काढता येत नाही.

श्रेयाच्या बाबतीत मुलांची समज मोठ्यांना लाजवील अशी आहे. संकेतस्थळ प्रत्येक रीमिक्सखाली मूळ निर्मात्याचे नाव आपोआप छापते. तरीही मुले तक्रार करीत, की अमक्याने माझे श्रेय दिले नाही. २०११ च्या एका अभ्यासात याचा उलगडा झाला. यंत्राने छापलेली ओळ मुलांना श्रेय वाटत नव्हती. रीमिक्स करणाऱ्याने स्वतःच्या हाताने लिहिलेले दोन शब्द त्यांना हवे होते.

न दिसणारी मुले

नोंदींवरून कौशल्य ओळखायचे, तर ज्यांची नोंदच होत नाही त्यांचे काय? ऑनलाइन समुदायांत केवळ पाहणारे, वाचणारे आणि कधीही काही न लिहिणारे सभासद मोठ्या संख्येने असतात. जीन लेव्ह आणि एटिएन वेंगर यांनी १९९१ मध्येच प्रतिपादन केले होते, की एखाद्या व्यवसायात नवखा माणूस आधी कडेला राहून पाहतो आणि हे पाहणे हाही शिकण्याचा रीतसर भाग आहे. सुताराच्या दुकानात दोन वर्षे केवळ रंधा हाताशी देणारा पोरगा काही शिकत नाही, असे कोण म्हणेल? पण संगणकाच्या दप्तरात त्याच्या नावापुढे शून्य असते.

मुलाने बनवले पण प्रसिद्ध केले नाही, असेही बरेच असते. संकोचामुळे म्हणा, किंवा मनासारखे जमले नाही म्हणून. मग प्रसिद्ध झालेल्या कामांवरून आपण कौशल्य मोजतो, की धीटपणा? आपल्याकडे याहून साधी अडचण आहे. घरात एकच संगणक, एकच खाते आणि दोन भावंडे. माउस ताईच्या हातात आणि डोके धाकट्याचे. दोघांचे मिळून जे झाले ते ज्याच्या नावाने खाते त्याच्या नावावर जमा होते.

मोठ्यांच्या जगातही

हे सारे मुलांपुरतेच आहे, असे कोणी समजू नये. प्रोग्रामिंगची प्रश्नोत्तरे चालणाऱ्या ‘स्टॅक ओव्हरफ्लो’ या २००८ मध्ये सुरू झालेल्या समुदायात उत्तर पसंत पडले की दहा गुण मिळतात, आणि ठरावीक कामगिरीला पदके. पदक जवळ आले की माणसे त्या कामाचा वेग वाढवतात आणि पदक मिळाले की तो पुन्हा उतरतो, हे २०१३ च्या एका अभ्यासात दिसून आले. तेथे चांगल्या प्रश्नाला मात्र अनेक वर्षे पाचच गुण मिळत. २०१९ मधील एका अभ्यासाने दाखवले, की पुरुष उत्तरे अधिक देतात, स्त्रिया प्रश्न अधिक विचारतात, आणि गुणांची ही विषम वाटणी दोहोंच्या गुणसंख्येतील फरकाला हातभार लावते. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये प्रश्नाचेही दहा गुण करण्यात आले. नियम बदलताच लोकांची गुणसंख्या बदलली. त्यांचे ज्ञान अर्थातच तेवढेच राहिले. पुढे डिसेंबर २०२२ मध्ये, चॅटजीपीटी बाजारात येऊन काही दिवस होतात न होतात तोच, त्या साधनाने लिहिलेली उत्तरे देण्यास तेथे मनाई करावी लागली. दिसायला नीटनेटकी पण अनेकदा चुकीची उत्तरे धडाधड येऊ लागली होती.

प्रमाणपत्र देणाऱ्या ऑनलाइन अभ्यासक्रमांत तर हातचलाखीही झाली. हार्वर्ड आणि एमआयटीच्या ११५ अभ्यासक्रमांच्या नोंदी तपासल्यावर २०१५ मध्ये असे दिसले, की काही जण दोन खाती उघडतात, एकावर चुकीची उत्तरे देऊन बरोबर उत्तर काढून घेतात आणि दुसऱ्यावर ते भरतात. एकूण प्रमाणपत्रांत अशांचे प्रमाण शेकडा दीडच्या आत होते. मात्र २० किंवा त्याहून अधिक प्रमाणपत्रे मिळवलेल्यांपैकी पाव मंडळींनी हा मार्ग वापरला होता.

आपल्या देशातील एनपीटीईएलने यावर जुनाच उपाय ठेवला आहे. ऑनलाइन स्वाध्यायांना २५ टक्के आणि केंद्रावर, देखरेखीखाली होणाऱ्या परीक्षेला ७५ टक्के. नोंदींवर विश्वास आहे, पण चतकोर.

आपल्या शाळांपुढील पेच

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने माध्यमिकपूर्व टप्प्यात कोडिंगचा समावेश करण्याचे सांगितले. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने २०२१-२२ पासून सहावी ते आठवीसाठी कोडिंग हा कौशल्य विषय उपलब्ध केला. त्याआधीपासून आयआयटी मुंबईतील प्राध्यापक श्रीधर अय्यर यांच्या पुढाकाराने तयार झालेल्या ‘कम्प्युटर मस्ती’ या शालेय पाठ्यक्रमात स्क्रॅचचा वापर होत आला आहे. विषय शाळेत आला की गुण द्यावे लागतात, आणि गुण द्यायचे म्हटले की आपोआप बेरीज करणाऱ्या साधनाचा मोह पडतो. ५० मुलांचा वर्ग आणि आठवड्याला एक-दोन तासिका असलेल्या शिक्षकाला त्याबद्दल दोष देणे सोपे आहे, त्याच्या जागी उभे राहणे अवघड.

कायद्याचाही प्रश्न आहे. डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम २०२३ प्रमाणे १८ वर्षांखालील प्रत्येक व्यक्ती बालक आहे. तिच्या माहितीसाठी पालकांची पडताळलेली संमती लागते आणि तिच्या वर्तनावर पाळत ठेवण्यास कायद्याने बंदी आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झालेल्या नियमांत शिक्षणसंस्थांना शैक्षणिक कामापुरत्या काही सवलती दिल्या असून त्यांची अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने होणार आहे. मुलाच्या प्रत्येक क्लिकवरून त्याची बौद्धिक कुंडली मांडू, असे सांगत येणाऱ्या विक्रेत्याला शाळांनी आणि पालकांनी आधी या संमतीविषयी विचारावे.

मग शिक्षकाने करावे काय? प्रत्येक मुलाची दोन प्रकल्पांवर सविस्तर मुलाखत घ्यायची, तर प्रत्येकी अर्धा तास धरला तरी ५० मुलांना २५ तास लागतील. ते शक्य नाही. पण ब्रेनन आणि रेस्निक यांच्या तिसऱ्या पद्धतीतील एक तुकडा उचलता येतो. मुलाचा प्रकल्प पडद्यावर उघडा ठेवायचा. मग तो १८ गुणांचा असो की सहा गुणांचा. त्यातला एक ठोकळा काढून बाजूला ठेवायचा, आणि चालवून पाहण्यापूर्वी विचारायचे, ‘आता काय होईल?’ याला दोन मिनिटे पुरतात. ५० मुलांची १०० मिनिटे, म्हणजे ३५ मिनिटांच्या तीन तासिका. पाच मिनिटे हजेरीला उरतात.